विचारा, सांगतो : कोंबड्यांच्या राखणीला कुत्रं

या वेळी टपालात कुत्र्यांचीच पत्रं जास्त होती. गावरान कोंबड्यांचा धंदा वाढतोय, वावरात मोकळ्या कोंबड्या सोडणारी घरं वाढली आहेत, आणि त्यांच्या मागोमाग मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांचा त्रासही आला आहे. चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण थोड्याफार फरकानं तोच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आहे.

प्रश्न : डॉक्टरकाका, नमस्कार. आमचं घर वावरातच आहे. शंभरावर गावरान कोंबड्या आणि नऊ बकऱ्या आहेत. मुंगूस आणि रानमांजर दरसाल बऱ्याच कोंबड्या नेतात, म्हणून दिवाळीनंतर खतासाठी आमच्या वावरात मेंढरं बसवली तेव्हा त्या धनगराकडून कुत्र्याचं पिल्लू मागून घेतलं. नाव भुऱ्या. आता दहा महिन्यांचा झाला. बकऱ्यांत छान राहतो, त्यांच्यातच झोपतो. पण गेल्या पंधरवड्यात त्यानं दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, मारल्या. खाल्ल्या नाहीत. पहिली मी पाहिली तेव्हा जिवंत होती, अंग लाळेनं ओलं, पाठीची पिसं गेलेली. सासरे म्हणतात, तोंडाला रक्त लागलं, आता हा कामाचा नाही, दूर नेऊन सोडा. शेजारचे म्हणतात, मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधून ठेवा. माझं मन होत नाही. काय करू? (एक वाचक भगिनी, आर्वी तालुका)

उत्तर : ताई, भुऱ्याला सोडू नका. तुमच्याच पत्रातली एक गोष्ट त्याच्या बाजूनं साक्ष देते. कोंबडी लाळेनं ओली होती आणि खाल्लेली नव्हती. मारायला आलेलं जनावर मानेला धरतं, दाबतं आणि घेऊन जातं नाहीतर तिथंच खायला बसतं. लाळेनं भिजलेली, पाठ उघडी पडलेली कोंबडी म्हणजे तिला तोंडात धरलं, सोडलं, ती फडफडली, परत धरलं. हा खेळ आहे. कोंबडीच्या जिवावर बेतला, तरी भुऱ्यासाठी तो खेळच होता. तुमच्या सासऱ्यांनी अंडी-कोंबड्या खाणारी कुत्री पाहिली असतील, म्हणून ते तसं म्हणतात. त्यांना ही खूण दाखवा.

वय बघा. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत राखणीचं कुत्रं अंगानं वाढलेलं आणि बुद्धीनं पोरकट असतं. पुष्कळ चांगली कुत्री याच काळात वाया जातात, कारण आकार बघून आपण त्याच्यावर मोठ्या कुत्र्याचं काम सोपवतो. पुरतं भरवशाचं व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात. तोवर कोंबड्यांना मुंगसापासून जपायचं आणि भुऱ्यापासूनही जपायचं, हे मनाशी धरून चला.

आता तुमचा खरा प्रश्न. बकऱ्यांत नीट राहणारा कुत्रा कोंबडीवर का जातो? बकरी त्याच्याशी नातं ठेवते. त्याला हुंगते, त्याच्या अंगाला अंग लावून बसते, फार झालं तर शिंगानं ढकलते. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं असल्यापासून तीन-चार महिन्यांचं होईतो ज्यांच्यात वाढतं त्यांना आपलं मानतं. धनगराचं पिल्लू त्याच काळात मेंढरांत असतं, वाघरीतल्या, म्हणजे जाळीच्या वाड्यातल्या, कोकरांशेजारी झोपतं. कोंबडी यातलं काही करत नाही. ती त्याच्याजवळ बसत नाही, त्याला ओळख देत नाही, आणि घाबरली की ओरडत, पंख झाडत वेडीवाकडी पळते. पोरकट कुत्र्याला याहून मोठं आमंत्रण नाही. म्हणून बकऱ्यांवर माया जडते तशी ती कोंबड्यांवर जडेल, याची वाट पाहू नका. कोंबड्यांच्या बाबतीत कुत्रा दोन गोष्टी शिकतो. हा आवार आपला आहे. आणि ही पाखरं माझ्या मालकिणीची आहेत, त्यांना हात लावायचा नाही. यातली पहिली त्याच्या रक्तात आहे. दुसरी तुम्ही शिकवायची.

पाखरांची राखण कुत्र्याकडून होते का, अशी शंका काहींनी विचारली आहे, म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात वॉर्नंबूल गावाजवळ मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. तिथं लहान जातीचे पेंग्विन शेकड्यांनी यायचे. ओहोटीला पाणी उतरलं की कोल्ह्याच्या कुळातलं खोकड चालत बेटावर जाऊन त्यांचा फडशा पाडायचं. २००५ पर्यंत मोजदाद दहाच्याही खाली आली. २००६ साली तिथं मरेमा जातीची इटालियन मेंढपाळी कुत्री ठेवली आणि पेंग्विन पुन्हा वाढले. ही कल्पना सुचवली होती एका कोंबडीपालकानं. तो आपल्या मोकळ्या कोंबड्या याच जातीच्या कुत्र्यांकडून राखत होता. तेव्हा पाखरं आणि कुत्रा एकत्र नांदतात यात शंका नको. फक्त ती कुत्री शिकवून, माणसाच्या नजरेखाली तिथं नेली होती.

तुमच्या वावरात असं करा. आजपासून भुऱ्या आणि मोकळ्या कोंबड्या, जवळ माणूस नसताना, एकत्र राहायच्या नाहीत. खुराड्याला लागून चेनलिंक जाळीचा आवार करून घ्या. पाच फूट उंच, आणि जाळी खाली फूटभर जमिनीत गाडलेली, कारण कंटाळलं कुत्रं आधी माती उकरतं. वर सावली हवी. आपल्याकडचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याखाली कुत्रं भाजून निघतं. तुऱ्हाटीचा मांडव बरा. आवारात त्याच्यासोबत एकदोन बकऱ्या ठेवा. दिवसभर त्याच्या नाकासमोर कोंबड्या फिरू द्या, माती उकरू द्या, भांडू द्या. पहिले काही दिवस तो जाळीवर झेपावेल. मग उठून बघेल. मग पडल्या पडल्या बघेल. जाळीशी कोंबडी फडफडली आणि त्यानं मान उचलली नाही, अशी वेळ रोज यायला लागली की पुढचं शिक्षण सुरू करा.

ते शिक्षण दाव्यावरच. पंधरा-वीस फुटांचं मजबूत चऱ्हाट घ्या, गळ्याला रुंद पट्टा. वेळ निवडा ती संध्याकाळी कोंबड्या कोंडायची. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की कोंबड्या उड्या मारत बाहेर येतात, दाणे टाकले की एकमेकींवर तुटून पडतात. या दोन्ही वेळा नवशिक्या कुत्र्यासाठी वाईट. संध्याकाळी कोंबडी जड झालेली असते, खुराड्याकडे पाय ओढत येते. भुऱ्यालाही आधी बकऱ्यांबरोबर धुऱ्या-धुऱ्यानं भरपूर फिरवून आणा, म्हणजे त्याच्याही अंगातली मस्ती उतरलेली असेल.

आता कोंबड्यांकडे बघू नका, भुऱ्याच्या तोंडाकडे बघा. निवांत कुत्र्याचं तोंड अर्धं उघडं असतं, जीभ थोडी बाहेर. कोंबडीनं त्याचं मन ओढलं की पहिल्यांदा तोंड मिटतं. श्वास थांबल्यासारखा होतो. कान पुढे येतात, शेपूट ताठ होऊन हलायची थांबते, एखादा पुढचा पाय अधांतरी राहतो. हे सगळं होईतो एक-दोन क्षण जातात, आणि तुमचं काम त्या एक-दोन क्षणांतच आहे. तोंड मिटलं की लगेच "अंहं" म्हणा, मोठ्यानं नको, आणि चऱ्हाटाला हलका झटका देऊन त्याचं तोंड तुमच्याकडे वळवा. तो एकदा पळत सुटला की ओरडून काही होत नाही; तुमचा आरडाओरडा आणि कोंबड्यांचा कलकलाट त्याला एकाच खेळाचा भाग वाटतो. पाठलाग सुरू होण्याआधी त्याला थांबवायचं, एवढ्यावर माझा सगळा भर आहे.

आणि चांगली खूण सुटू देऊ नका. कोंबडी समोरून गेली आणि त्यानं नजर दुसरीकडे वळवली, जांभई दिली, नाक चाटलं, जमीन हुंगायला लागला किंवा सुस्कारा टाकून खाली बसला, तर त्याचा अर्थ "मला हिच्याशी काही करायचं नाही." त्याच क्षणी छातीवरून हात फिरवा, हळू आवाजात शाबासकी द्या. भाकरीचा तुकडा देऊ नका. तुकडा दिसला की कोंबड्या धावत येतील आणि तिथंच भांडण होईल. माझ्याकडे बकऱ्यांत एक पांढरी कुत्री आहे, ढवळी. पिल्लांची कोंबडी तिच्या अंगावर धावून आली की ती मान वळवून भलतीकडेच, बोरीच्या झाडाकडे बघत बसते, आणि कोंबडी फुगून तिच्या नाकावर चोच मारून निघून जाते. ढवळीला हे मी वेगळं शिकवलेलं नाही. लहानपणी नजर वळवल्यावर दर वेळी पाठीवर हात पडला, त्यातून ते आलं.

सुरुवातीला कोंबड्याही निवडून घ्या. तलंगा नकोत, त्या उगाच दचकतात. दोन-तीन वर्षांच्या जून कोंबड्या आणि एखादा थोराड, न पळणारा कोंबडा घ्या. कुणाकडे कुत्र्याचं तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर खुडूक कोंबडीची एखादी चोच त्याला चांगली शिकवण देते, मात्र डोळ्यावर बसणार नाही एवढं अंतर ठेवा. भुऱ्या जून कोंबड्यांत महिनाभर शांत राहिला की तलंगा, आणि अगदी शेवटी, दीड वर्षानंतर, लहान पिल्लं. पिल्लांची चिवचिव आणि पळापळ भल्याभल्या कुत्र्यांना आवरत नाही.

चऱ्हाट सोडायची वेळ आली तरी ते एकदम काढू नका. महिनाभर गळ्यात तसंच जमिनीवर ओढत राहू द्या, म्हणजे पाय ठेवून थांबवता येतं. काही जण गुराला बांधतात तसं लोढणं कुत्र्याला बांधतात. छातीच्या खाली, गुडघ्याला लागेल असं हलकं आडवं लाकूड. चालता येतं, पळता येत नाही. तुम्ही समोर असताना, घटका-दोन घटका, ठीक आहे. लोढणं बांधून कुत्रं वावरात एकटं ठेवू नये. कुठं अडकलं किंवा अंगावर काही आलं, तर बिचाऱ्याला हलताही येत नाही.

त्याचं ताट कोंबड्यांपासून दूर, आवारात बंद करूनच ठेवा. भाकरी-ताकाच्या भांड्यात कोंबडीनं चोच घातली की शांत कुत्राही गुरगुरतो, आणि एकदा गुरगुरून कोंबडी पळाली की त्याला ते आवडून जातं. कोंबड्यांचं खाद्य मात्र त्याच्या तोंडी लागू देऊ नका. तयार खाद्यात पुष्कळदा रक्ती हगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं, सॅलिनोमायसीन किंवा मोनेन्सिन. कोंबडीला ठरल्या मात्रेत ते चालतं, कुत्र्याला विषारी आहे. जास्त पोटात गेलं तर मागचे पाय लुळे पडायला लागतात. पोत्याचं तोंड बांधून वर ठेवा, सांडलेलं झाडून घ्या. पिसं, आतडी, मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकणं कायमचं बंद करा. एका हातानं कोंबडी खायला द्यायची आणि दुसऱ्या हातानं कोंबडीवर गेला म्हणून मारायचं, हा कुत्र्यावर अन्याय आहे. मेलेलं पाखरू दिसलं की लगेच उचला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

म्हणूनच शेजाऱ्यांचा सल्ला मी मोडून काढतो. गळ्यात मेलेली कोंबडी बांधून कुत्रं काही शिकत नाही. मारलं त्या क्षणाशी त्या ओझ्याचा संबंध त्याला जोडता येत नाही. ते सडतं, माशा बसतात, जखमेत किडे पडतात, आणि कोंबडी राणीखेतीनं मेलेली असेल तर रोग घेऊन तुमचं कुत्रं सगळ्या खुराड्यांभोवती फिरतं. मेलेल्या कोंबडीनं तोंडावर मारणंही तसंच. मारून तो एवढंच शिकतो की कोंबड्यांजवळ मालकीण असली की मार बसतो, मग तुम्ही नसताना काय करायचं ते करतो. दूर नेऊन सोडणं तर नकोच. पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं हा प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली गुन्हा आहे. आणि कोंबडीचा पाठलाग शिकलेलं कुत्रं ज्या गावाजवळ सोडाल त्या गावातल्या बायकांची खुराडी तुम्ही उघडी केलीत.

हे शिकवणं घरात कोंबड्या सोडते-कोंडते त्या बाईनंच करावं. तुमच्या घरी ते तुम्हीच करत असाल. घरातल्या पोरांना फक्त एक सांगा, भुऱ्यासमोर कोंबड्यांमागे धावायचं नाही. पोर धावलं की कुत्रं धावतं.

दोन वर्षांचा झाल्यावरही तो दबा धरून, आवाज न करता एकट्यानं कोंबडी गाठू लागला, मारून खाऊ लागला, जाळीखालून उकरून आत शिरू लागला, तर मात्र त्याला कोंबड्यांपासून कायमचं वेगळं ठेवा आणि बकऱ्यांची राखण करू द्या. तसे कुत्रे असतात. तुमच्या पत्रावरून भुऱ्या त्यातला वाटत नाही.

प्रश्न : आमचं गाव सिंदेवाहीकडे, जंगलाला लागून. बिबट दोन महिन्यांत गावातली तीन कुत्री घेऊन गेला. कोंबड्यांसाठी कुत्रं बाळगावं का? रात्री खुराड्याजवळ साखळीनं बांधलं तर चालेल का? (एक शेतकरी वाचक)

उत्तर : भाऊ, रात्री बाहेर साखळीनं बांधलेलं कुत्रं बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट आहे. कुत्रं हे बिबट्याचं आवडीचं भक्ष्य, आणि साखळीमुळे त्याला पळताही येत नाही. एकटं कुत्रं बिबट्याला अडवू शकत नाही. हिमालयातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात, ते बिबट्या मानेला धरतो म्हणून. पण त्यांची कुत्री एकापेक्षा जास्त असतात आणि शेकोटीशी मेंढपाळही असतो. ते बघून आपल्या एकट्या कुत्र्याला पट्टा घालून अंगणात सोडू नये.

तुमच्या भागात कुत्रं दिवसाचं राखणदार. मुंगूस, रानमांजर, शिक्रा, घार यांचा त्रास बहुतेक दिवसाउजेडी आणि तिन्हीसांजेला असतो, तिथं ते कामाचं आहे. दिवे लागले की त्याला कोठ्यात आत घ्या आणि दार लावा. खुराडं कोठ्याच्या भिंतीलाच लागून घेता आलं तर उत्तम. आतून भुंकलं तरी तुम्हाला जाग येते, तेवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवा. कोठ्याला कुडाच्या भिंती असतील तर आतून जाळी मारा, आणि वरची बाजू विसरू नका. बिबट छपरावरून कौलं सरकवून उतरतो.

खुराड्यामागे मेलेल्या कोंबड्या आणि पिसं फेकण्याची सवय गावानं मिळून सोडावी लागेल. त्या वासावर आधी मोकाट कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट येतो. रात्री परसाकडे जाताना दिवा आणि सोबत हवी, लेकरांना एकटं पाठवू नका. कुंपणात वीज सोडणं, विष घालणं हा विचार कुणी बोलून दाखवला तर तिथंच थांबवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहेच, आणि विदर्भात अशा तारेला चिकटून माणसं गेली आहेत, रात्री पाणी द्यायला निघालेली आपलीच माणसं. बिबट वारंवार दिसत असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

प्रश्न : सर, मी बुलढाणा जिल्ह्यात मोकळ्यावरच्या कोंबड्यांचा फार्म सुरू करतोय. राखणीला कारवानी घ्यावा, की परदेशी जातीचं मोठं पिल्लू? मित्र म्हणतो, दोन सख्खी भावंडं घे, एकमेकांना सोबत होते. (एक तरुण वाचक)

उत्तर : कारवानी नको. त्याच्या वेगाबद्दल मला फार आदर आहे, पण ते नजरेनं शिकार हेरून धावणारं शिकारी कुत्रं आहे. ससा पळाला की त्याच्यामागे सुटणं हेच त्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या जोपासलं गेलं. फडफडणाऱ्या कोंबड्यांत त्याला ठेवणं हा त्याचाही छळ आणि तुमचाही. परदेशी दाट केसांची थंड मुलखातली कुत्री आपल्या वैशाखात धापा टाकत सावली शोधतात, राखण काय करणार? शिवाय त्यांच्या नावावर काय विकलं जातं याची खात्री नसते.

धनगराकडे किंवा काठियावाडी गुराख्यांच्या तांड्याकडे जा. किमतीची बोलणी नंतर, आधी पिल्लांची आई बघा. ती मेंढरांत कशी वावरते, कोकरू तिच्या अंगावरून गेलं तर उठते का, अनोळखी माणसाला भुंकून आपल्या जागेवर परत येते की अंगावर धावतच राहते. भुंकून परत येणारी आई चांगली. पिल्लांत सगळ्यात दांडगं आणि कोपऱ्यात थरथरणारं, दोन्ही सोडा. मधलं, जरा बसकं, निवांत पिल्लू घ्या. आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय आईपासून तोडू नका. भावंडांच्या चाव्यातूनच त्याला जोरात चावायचं नाही हे कळतं. गावठी कुत्रीचं पिल्लूही शांत स्वभावाचं असेल तर खुशाल घ्या. मी बघितलेल्या कोंबड्यांच्या उत्तम राखणदारांत गावठीच जास्त होते.

एका वेळी दोन पिल्लं अजिबात नको. दोघं मिळून एकमेकांना पाठलाग शिकवतात, आणि एक झेपावलं की दुसरं आपोआप झेपावतं. एक तयार होऊ द्या, दोन वर्षांनी दुसरं आणा. मोठं कुत्रं धाकट्याला तुमच्यापेक्षा लवकर शिकवेल.

लशींचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्वोची लस, ती तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, मग डॉक्टर सांगतील तशी आणि दरवर्षी. जंताचं औषध वेळच्या वेळी. गोचीड रोज हातानं बघा, कानात आणि बोटांच्या मध्ये, कारण आपल्याकडे गोचिडताप पावसाळ्यात फार कुत्री नेतो.

प्रश्न : काका, आमचा कुत्रा कोंबडीला काही करत नाही पण अंडी खातो. मारलं तरी सोडत नाही. (वरूड तालुक्यातून)

उत्तर : आधी अंडी तोच खातो याची खात्री करा. धामण आणि नाग अंडं सगळंच गिळतात, मागे काही उरत नाही. मुंगूस कवच फोडून सांडून ठेवतं. कावळाही असतो. रात्री खुराड्यात राख पसरून बघा, सकाळी ठसे दिसतील. कुत्राच असेल तर मारणं थांबवा, त्यानं तो चोरून खायला शिकतो. अंड्यांची टोपली कंबरेइतकी उंच टांगा आणि दिवसातून दोनदा अंडी गोळा करा, शेवटची फेरी दुपारी चारच्या आत. वावरात कुठं कुठं कोंबड्या अंडी घालतात त्या जागा शोधून बंद करा, म्हणजे त्याला सापडणार नाहीत. फुटकं अंडं त्याला कवचासकट टाकत असाल तर ते आजच बंद करा. द्यायचंच असेल तर उकडून, सोलून, त्याच्याच भांड्यात. चार-सहा आठवडे त्याच्या तोंडी कच्चं अंडं लागलं नाही तर बहुतेक कुत्री विसरतात. तोवर कोंबड्या अंड्यावर बसायच्या वेळी, सकाळपासून दुपारपर्यंत, त्याला बकऱ्यांबरोबर चरायला पाठवा.